जाते, पाणचक्की आणि मठाची फरशी



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. वसंतातल्या संध्याकाळी घरदार सोडून ऐकायला यावे असे पाणचक्कीत आहे तरी काय? दगडावर दगड फिरतो, धान्याचे पीठ होते, आणि फिरवणारे हात माणसाचे नसून पाण्याचे असतात, एवढीच ही गोष्ट. लढाया, तह आणि वंशावळी ह्यांनाच इतिहास म्हणण्याची सवय लागलेल्या आपल्या कानांना ती फारच घरगुती वाटावी. परंतु मी आज तुम्हांला अशा एका गावी नेणार आहे की, जेथे ह्या घरगुती वस्तूवरून शंभराहून अधिक वर्षे तंटा चालला. त्यापायी खटले झाले, राणीपुढे गाऱ्हाणी गेली आणि शेवटी माणसे फासावर गेली. हे गाव इंग्लंडातले आहे. लंडनच्या वायव्येस वीसेक मैलांवर, व्हेर नावाच्या एका लहानशा नदीकाठी ते वसले आहे. नाव सेंट ऑल्बन्स.

गावात शिरण्यापूर्वी जात्यापाशी थोडे थांबले पाहिजे. जात्याची ओळख तुम्हांला करून द्यायला नको. खालची तळी स्थिर, वरची फिरती. मध्ये खीळ, कडेला खुंटा. वरच्या भोकातून एकेक घास टाकायचा आणि फिरवीत राहायचे. पाळ्या गुळगुळीत झाल्या की टाकी लावून घ्यायची. पुष्कळांच्या घरी ते आता माळ्यावर किंवा अंगणात पडून असेल, पण ते पाहिले नाही असा माणूस ह्या सभेत क्वचितच सापडेल. आकारात थोडाफार फरक सोडला तर हेच जाते ख्रिस्तपूर्व काळापासून युरोपातल्याही घराघरांत होते. तेथेही ते फिरवण्याचे काम बाईचे, आणि जेथे दास असत तेथे दासीचे. होमरच्या ओडिसीमध्ये एक प्रसंग आहे. राजवाड्यात बारा दासी दळावयास बसत. अकरा जणींचे दळण संपून त्या झोपी गेल्या आहेत, आणि जी सर्वांत अशक्त ती एकटी पहाटेपर्यंत दळते आहे. मेघगर्जना होताच ती हात थांबवून देवाला विनविते की, ज्यांच्यासाठी दळून माझे गुडघे मोडले त्यांचे हे शेवटचे जेवण ठरो. इंग्लंडापुरते बोलायचे तर सातव्या शतकाच्या आरंभी केंटच्या एथेलबर्ट राजाने केलेल्या कायद्यांत राजाच्या दळणाऱ्या दासीचा वेगळा उल्लेख आहे. तिला उपद्रव दिल्यास दंड किती, हे त्यात ठरवून दिले आहे. दळणे हे असे स्वतंत्र नाव धारण करणारे आणि खालच्या पायरीवरचे काम होते.

हे काम पाण्याकडून करून घेता येईल ही कल्पना ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशात प्रत्यक्षात आलेली दिसते. स्ट्रेबो नावाच्या भूगोलकाराने पाँटसच्या मिथ्रिडेटीस राजाच्या राजवाड्याजवळच्या पाणचक्कीची नोंद केली आहे. व्हिट्रूव्हियस ह्या रोमन स्थपतीने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात तिची रचना सांगितली आहे. थेसलोनिकाचा अँटिपेटर म्हणून एक ग्रीक कवी होता. त्याने ह्या नव्या यंत्रावर एक लहानशी कविता केली. तिचा आशय असा की, दळणाऱ्या मुलींनी आता कोंबडा आरवला तरी निजून राहावे, कारण धान्याच्या देवतेने त्यांचे काम जलदेवतांना सांगितले आहे. कार्ल मार्क्सला ही कविता इतकी आवडली की त्याने ती आपल्या ‘भांडवल’ ग्रंथात घेतली. आपल्याकडे जनाबाईला दळू लागायला साक्षात विठ्ठल येतो, आणि पंढरपूरजवळ गोपाळपुरास तिचे जाते आजही दाखवतात. दोन्हीकडे दळणारीची इच्छा एकच होती, कोणीतरी यावे आणि खुंट्याला हात लावावा. ग्रीक कवीला तो हात ओढ्यात दिसला, एवढाच फरक.

पाणचक्कीच्या मुख्य जाती दोन. पहिलीत चाक आडवे असते. पाण्याची धार त्याच्या पात्यांवर जोराने सोडायची, चाक भोवऱ्यासारखे फिरते, आणि त्याच्याच उभ्या आसावर वरची तळी बसवलेली असल्यामुळे चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. मध्ये दाते नाहीत, काही नाही. हिमालयाच्या कुशीतल्या खेड्यांतून घराट म्हणून जी चक्की असते ती ह्याच जातीची. पण ती पाहायला इतके दूर जाण्याचेही कारण नाही. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्याच्या आवारात जी प्रसिद्ध पाणचक्की आहे तिचेही चाक आडवेच आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या वास्तूला आजचे रूप आले. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून पाणी आणून, ते उंच भिंतीवर चढवून खाली सोडले आहे, आणि दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांचे व वाटसरूंचे पीठ त्यावर दळले जाई. आपल्या दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात आटतात. येथे पाणचक्की चालवायची तर बारमाही पाण्याचा नळच बांधून आणावा लागतो. असा खर्च दर्गा किंवा दरबार करू शकतो, खेडे करू शकत नाही. म्हणून आपल्या खेड्यात जात्याला प्रतिस्पर्धी असा थेट पिठाच्या गिरणीपर्यंत आला नाही.

दुसऱ्या जातीत चाक उभे असते, रहाटासारखे. ओढ्याला बंधारा घालून पाणी अडवायचे, पाटाने चाकापर्यंत आणायचे, आणि ते चाकाच्या खालून तरी वाहू द्यायचे किंवा वरून तरी त्याच्या खणांत पाडायचे. वरून पडणारे पाणी आपल्या वजनाने काम करते, म्हणून तेच पाणी दुपटीच्या आसपास उपयोगी पडते. हे जॉन स्मीटन ह्या इंग्रज इंजिनीयराने प्रतिकृतींवर प्रयोग करून १७५९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सिद्ध केले. चाक उभे आणि तळी मात्र आडवी फिरायला हवी, म्हणून मध्ये दंतचक्रे घालावी लागतात. ती लाकडी असत. एखादा दाता झिजला की सुतार तेवढाच काढून नवा बसवी. वर धान्याचे लाकडी भांडे, खाली पिठाची पेटी, आणि इमारतभर पिठाची धूळ व घरघर. अशी ही गावची चक्की.

इंग्लंडातले ओढे बारा महिने वाहतात. तेथे ही चक्की किती पसरली ह्याचा एक चांगला पुरावा आहे. विल्यम राजाने देश जिंकल्यावर आपल्या हाती काय काय आले ह्याची गावोगाव मोजदाद करवली. १०८६ सालची ती वही डूम्झडे बुक म्हणून ओळखली जाते. तिच्यात नमूद झालेल्या चक्क्या सुमारे सहा हजार भरतात. पुढे प्रत्येकीचा वसूल दिला आहे, कोठे नाण्यांत, कोठे धान्यात, आणि कोठे तर चक्कीच्या तळ्यात सापडणाऱ्या वाममाशांच्या संख्येत! राजाच्या कारकुनांनी चक्क्या मोजल्या त्या यंत्राच्या कौतुकाने मोजल्या नाहीत. जमीन, कुरण, जंगल ह्यांच्याप्रमाणे चक्की हेही एक उत्पन्न होते, आणि त्या उत्पन्नाला मालक होता.

येथे आपल्या विषयाची खरी गाठ आहे. जाते कोणालाही करता येते. दोन दगड आणि एक पाथरवट मिळाला की झाले. पाणचक्कीला नदीचा काठ लागतो, बंधारा लागतो, इमारत आणि सुतारकाम लागते. नदीकाठ जमीनदाराचा, जमीनदार म्हणजे एखादा सरदार किंवा मठ. त्याने पैसा घालून चक्की उभारली की तो पैसा परत यावा अशी त्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. दळणावळ धान्यातच कापून घेत, आणि हा हिस्सा जागोजाग निरनिराळा असे. पण कुळाने घरीच दळले तर दळणावळ कोठून येणार? म्हणून असा दंडक पडला की, जहागिरीतल्या कुळाने आपले धान्य जहागीरदाराच्याच चक्कीवर आणले पाहिजे. शेजारच्या गावची चक्की जवळ असली तरी तेथे जाता कामा नये. घरात जाते ठेवणे हा गुन्हा, आणि सापडल्यास ते जप्त. फ्रान्समध्येही हाच प्रघात होता. तेथे चक्कीबरोबर भट्टी आणि द्राक्षे पिळण्याचा घाणा हेही धन्याचेच वापरावे लागत. ती जोखडे राज्यक्रांतीने १७८९ ते १७९३ ह्या काळात टप्प्याटप्प्याने काढली.

ह्या हक्काची नजर किती कडक असे ह्याचा एक मासला सांगतो. बरी सेंट एडमंड्स येथे सॅम्सन नावाचे एक करारी मठाधिपती होते. त्यांच्या हाताखालच्या जोसेलिन नावाच्या भिक्षूने त्यांची बखर लिहून ठेवली आहे. ११९१ साली हर्बर्ट नावाच्या एका वृद्ध धर्माधिकाऱ्याने आपल्या शेतात पवनचक्की बांधली. पवनचक्की त्या देशात तेव्हा नवीनच होती. हर्बर्टचे म्हणणे असे की, पाण्यावर तुमचा हक्क असेल, पण वारा तर कोणाच्या मालकीचा नाही. शिवाय मी माझेच धान्य दळणार. सॅम्सन इतके संतापले की ती चक्की पाडल्याशिवाय आपण अन्न घेणार नाही असे त्यांनी सांगितले. तुझी चक्की उभी राहिली की गावकरी तुझ्याकडे येतील आणि ते स्वतंत्र माणसे असल्यामुळे मला त्यांना अडवता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तो व्यवहारदृष्ट्या खोटाही नव्हता. मठाचे लोक येण्यापूर्वीच हर्बर्टने आपल्या नोकरांकडून चक्की उतरवून घेतली.

आता सेंट ऑल्बन्सला येऊ. गावाच्या डोक्यावर बेनेडिक्टिन पंथाचा मोठा श्रीमंत मठ. जमीन त्याची, बाजार त्याचा, न्यायसभा त्याची, नदीवरच्या चक्क्याही त्याच्याच. गावात व्यापारी होते, कारागीर होते, कापड विणणारे होते. इतर गावांना राजाकडून स्वातंत्र्याच्या सनदा मिळत होत्या आणि आपण मात्र मठाची कुळे, ही सल त्यांच्या मनात होती. ही सल दोन बाबतींत उघडी पडे. मठाचा आग्रह असा की, कापड खुंदायचे ते मठाच्या खुंदणचक्कीवर, आणि गहू व दारूसाठी लागणारे मोडाचे जव दळायचे ते मठाच्या पाणचक्कीवर. गावकरी म्हणत, आम्ही घरी खुंदू आणि घरी दळू.

येथे तुमच्यापैकी कोणीतरी, आणि विशेषतः बायकांच्या बाजूने कोणीतरी, विचारील की हा कसला हट्ट? जाते फिरवणे म्हणजे काय हाल आहेत हे आम्हांला विचारा. पाणी फुकट राबायला तयार असताना जात्यासाठी भांडायचे कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला डावलून पुढे जाता येणार नाही. ह्याचे उत्तर हिशेबात आहे. चक्कीवर धान्य वाहून न्यायचे, रांगेत ताटकळायचे, आपल्या धान्यातून दळणावळ कापू द्यायची, आणि पीठ परत आणताना ते पुरे आले की नाही ह्याची धास्ती बाळगायची. चक्कीवाल्याच्या चोरीवर त्या काळच्या इंग्रजांनी जितके विनोद केले तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या धंद्यावर केले असतील. चॉसरच्या कँटरबरीच्या यात्रेकरूंतला चक्कीवाला तर ह्या विद्येत वाकबगार आहेच. त्याच्या दुसऱ्या एका कथेत केंब्रिजजवळच्या ट्रम्पिंग्टनचा चक्कीवाला, डोळ्यांत तेल घालून पहारा करायला आलेल्या दोन विद्यार्थ्यांचेही पीठ लांबवतो. हिवाळ्यात पाणी गोठले की चक्की बंद, पुरात बंधारा फुटला की बंद. जात्याला ह्यांतले काही लागत नाही. शिवाय गरिबाच्या घरी बाईच्या श्रमाची किंमत कोणी पैशात मांडत नव्हते, आणि दळणावळ मात्र रोजच्या भाकरीतून जात होती. हा हिशेब बाईवर अन्याय करणारा होता, हे मी नाकारीत नाही. पण ज्या घरात धान्यच मोजके, त्या घराला तो कळत होता. आणखीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ ह्यांच्या प्रयत्नाने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. त्यांत दळणाच्या कष्टाची तक्रार आहे आणि जात्यापाशी उघडलेले मनही आहे. जात्यापाशी सासू नसते, धनी नसतो. सेंट ऑल्बन्सच्या बायकांच्या ओव्या कोणी उतरून ठेवल्या नाहीत, तेव्हा त्यांच्या मनातले बोलण्याचा अधिकार मला नाही. त्यांनी काय केले, ते मात्र लिहिलेले आहे.

१२७४ च्या सुमारास मठाच्या माणसांनी घरात घुसून जाती आणि कापडे जप्त करायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून राजाच्या दरबारात दावा लावला. त्याच सुमारास एलिनॉर राणी गावावरून जाणार होती. तिच्यापुढे गाऱ्हाणे घालायला गावकरी जमले, आणि त्यांत बायकांचा भरणा मोठा होता. मठाधिपतींनी राणीला आडवाटेने आत नेण्याची खटपट केली. बायकांनी ती हाणून पाडली आणि राणीला गाठलेच. मठाच्याच बखरीत हे लिहिले आहे, आणि लिहिणाऱ्या भिक्षूला त्या बायकांचे कौतुक नाही हे ओळीओळीतून दिसते. दाव्याचा निकाल मठाच्या बाजूने लागला. जाती हरली.

पन्नास वर्षे अशीच गेली. १३२७ साली दुसऱ्या एडवर्ड राजाला पदच्युत केल्याच्या धामधुमीत गावकऱ्यांनी पुन्हा उचल खाल्ली. त्यांनी मठाला वेढा घातला, मठाधिपतीकडून सनद लिहवून घेतली, आणि घरोघर पुन्हा जाती मांडली. ऐंशीच्या आसपास जाती त्या वेळी गावात फिरत होती असे सांगतात. म्हातारे मठाधिपती त्याच वर्षी वारले आणि त्यांच्या जागी जो मनुष्य आला तो ह्या कथेतला सर्वांत विलक्षण मनुष्य होय.

रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा एका लोहाराचा मुलगा. दहा वर्षांचा असताना बाप वारला. एका मठाच्या प्रमुखाने त्याला सांभाळले आणि ऑक्सफर्डला शिकायला पाठवले. गणित आणि खगोल ह्यांत त्या काळच्या इंग्लंडात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. ग्रहांची स्थिती काढण्याचे एक यंत्र त्याने बनवले, आणि मठाधिपती झाल्यावर एक प्रचंड घड्याळ करायला घेतले. ते नुसती वेळ दाखवणारे नव्हते. सूर्यचंद्रांची गती, चंद्राच्या कला, ग्रहणे, इतकेच काय, भरती-ओहोटीही त्यात दिसावी अशी योजना होती. तिसरा एडवर्ड राजा मठात आला तेव्हा मंदिराची पडझड झालेली असून पैसा घड्याळावर चालला आहे हे पाहून त्याने बोल लावला. रिचर्डचे उत्तर प्रसिद्ध आहे. माझ्यामागून येणारे मठाधिपती मंदिराच्या भिंती बांधतील, पण हे काम माझ्यामागे पुरे करील असा कोणी मिळणार नाही, अशा अर्थाचे ते होते. हा सगळा काळ त्याला कुष्ठरोगाने ग्रासले होते. १३३६ साली तो वारला. घड्याळ पुढे इतरांनी पुरे केले. १५३९ मध्ये मठ बरखास्त झाल्यावर मूळ घड्याळ नाहीसे झाले.

असा हा यंत्रविद्येतला पहिल्या प्रतीचा पुरुष. चक्राचे दात कसे कापावेत, एका गतीतून दुसरी गती कशी काढावी, हे त्याच्याइतके कोणाला कळत होते? अँटिपेटरच्या कवितेचे मर्म ह्यालाच कळायला हवे होते असे वाटते. पण गादीवर बसल्यावर त्याने गावाशी जे युद्ध आरंभिले त्यात दयामाया ठेवली नाही. गावकऱ्यांना एकेक करून न्यायसभेपुढे खेचले, सनद परत घेतली, आणि १३३१ च्या सुमारास गावातली सगळी जाती गोळा करून मठात आणवली. ती फोडली असती किंवा नदीत टाकली असती तर गोष्ट तेथेच संपली असती. तसे न करता मठाच्या बैठकीच्या दालनात फरशी म्हणून त्याने ती बसवून घेतली. बाहेरचे लोक मठात भेटीला येत ते ह्याच दालनात. खेटे घालणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याने आपल्या आजीच्या जात्यावर पाय देऊन उभे राहायचे, अशी ती व्यवस्था होती. माझे मत विचाराल तर पूर्वीच्या खटल्यांपेक्षा आणि दंडांपेक्षा ह्या फरशीनेच पुढच्या प्रसंगाची बी पेरली. दंड भरून माणूस विसरतो. ही फरशी पन्नास वर्षे तेथेच होती.

१३८१ साली जून महिन्यात इंग्लंडात शेतकऱ्यांचे बंड पेटले. केंट आणि एसेक्सचे जमाव लंडनमध्ये घुसले. चॉसर तेव्हा लंडनच्या ज्या वेशीवरच्या घरात राहत होता त्याच वेशीतून एसेक्सची मंडळी आत गेली, हा इतिहासाचा एक योगायोगच. बंडाच्या पुढाऱ्यांची जी पत्रे गावोगाव फिरत होती त्यांत एक चक्कीवाल्या जॅकच्या नावाने होते. सेंट ऑल्बन्सची माणसे लंडनला जाऊन राजाची चिठ्ठी घेऊन आली. त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब नावाचा गावकरी. १५ जूनला, म्हणजे ज्या दिवशी लंडनजवळ वॉट टायलर मारला गेला त्याच दिवशी, ते मठात शिरले. तुरुंग उघडले. कुरणांची कुंपणे त्यांनी आदल्याच रात्री मोडली होती. मठाच्या जंगलात सशाची शिकार करण्याची गावकऱ्यांना बंदी होती, म्हणून एक जिवंत ससा पकडून त्यांनी गावच्या खोड्यावर टांगला होता.

मग ते त्या दालनात गेले. फरशी उखडून त्यांनी जात्यांच्या तळ्या बाहेर काढल्या. आपण अशी कल्पना करू की, आता ती जाती घरोघर परत जातील. पण तसे झाले नाही. पन्नास वर्षांत त्या घरांतली माणसे कोठल्या कोठे गेली होती. त्यांनी त्या तळ्या फोडल्या आणि एकेक तुकडा एकेकाच्या हाती दिला. मठाचा भिक्षू थॉमस वॉल्सिंगहॅम ह्याने हे सर्व लिहून ठेवले आहे. तो बंडखोरांचा कट्टर वैरी. पण त्यालाही उपमा सुचली ती अशी की, रविवारी देवळात मंत्रून पवित्र केलेल्या पावाचे तुकडे वाटतात तसे त्यांनी ते दगड वाटले. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रसादासारखे. वैऱ्याच्या लेखणीतून आलेले हे वाक्य मला सगळ्या बंडाच्या हकिकतीत अधिक बोलके वाटते. ज्या दगडावर आता दळता येणार नाही असा दगडाचा तुकडा उराशी धरून माणसे घरी गेली.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सर्व बंडांचे असते तसेच आहे. मठाधिपती थॉमस द ला मेअर ह्यांनी सनद लिहून दिली. महिन्याभरात बंड मोडले. ग्रिंडकॉबला पकडले, आणि गावकऱ्यांची समजूत घालून सनद परत मिळवून दे ह्या बोलीवर जामिनावर सोडले. त्याने गावात येऊन उलटेच सांगितले: माझ्या जिवासाठी मिळाले ते सोडू नका. जुलैमध्ये चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड सैन्यासह सेंट ऑल्बन्सला आला. बंडाचा धर्मोपदेशक जॉन बॉल ह्याला १५ जुलैला तेथेच देहान्त शिक्षा झाली, आणि ग्रिंडकॉब व त्याचे साथीदार फासावर गेले. नातलगांनी ती प्रेते उतरवून पुरली, तर राजाज्ञेने ती पुन्हा साखळदंडांनी टांगावी लागली, आणि तीही गावकऱ्यांनाच आपल्या हातांनी. सनद गेली. मठाच्या चक्क्या फिरत राहिल्या.

ह्या हकिकतीकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते मार्क ब्लॉक ह्या फ्रेंच इतिहासकाराने. १९३५ साली पाणचक्कीच्या विजयावर त्याने एक निबंध लिहिला आणि त्यात सेंट ऑल्बन्सच्या जात्यांना मानाचे स्थान दिले. तोपर्यंत यंत्रांचा इतिहास म्हणजे शोधांची यादी अशी समजूत होती. शोध लागून पाचसहाशे वर्षे झाली तरी पाणचक्की सर्वत्र का पसरली नाही, आणि पसरली तेव्हा कोणाच्या जोरावर पसरली, हा प्रश्न त्याने विचारला. रोमन साम्राज्यात आर्ल गावाजवळ बार्बेगाल येथे सोळा चाकांची चक्कीची रांग दुसऱ्या शतकातच उभी होती, म्हणजे विद्येची उणीव नव्हती. पण दळायला गुलाम होते तोवर पाण्याची निकड नव्हती. पुढे गुलाम कमी झाले आणि पाणी व कुळे ही दोन्ही एकाच धन्याच्या हाती आली, तेव्हा चक्की गावोगाव गेली. हा ब्लॉक पुढे जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळीत शिरला आणि १९४४ च्या जूनमध्ये नाझींनी त्याला गोळ्या घातल्या. ग्रिंडकॉबची गोष्ट त्याच्या हातून लिहिली गेली ह्यात मला औचित्य दिसते.

व्हेर नदीवरची किंग्जबरी मिल ही सोळाव्या शतकातली इमारत आजही उभी आहे. खेड्यांतल्या चक्क्या वाफेच्या यंत्राला काही काळ पुरून उरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी रुळांच्या गिरण्या बंदरांत निघाल्या आणि परदेशी गहू तेथेच दळला जाऊ लागला, तेव्हा त्या एकामागून एक थंडावल्या. जात्याचे मात्र कितीतरी आधी संपले असे समजू नका. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांत टॉमस पेनंट नावाचा प्रवासी १७७२ साली गेला होता. तेथे घरोघर जाते फिरत होते. दोन बायका समोरासमोर बसून, एकाच खुंट्याला हात लावून, गात गात दळताना त्याने पाहिल्या आणि त्यांचे चित्र आपल्या पुस्तकात छापले. आपल्यापैकी कोणीही ते चित्र पाहिले तर क्षणभर कोकणातले किंवा मावळातले समजेल. त्याच ठिकाणी त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. काही बेटांवर जमीनदार आपल्या चक्कीवाल्याला अधिकार देतो की, त्याने घरांची झडती घ्यावी, आणि जाते सापडेल तेथे ते फोडून टाकावे, कारण त्यामुळे आपली दळणावळ बुडते.